घरच्या बिअरसाठी काचेच्या बाटल्या पुन्हा वापरताना : कोणत्या ठेवाव्यात, कोणत्या काढाव्यात?

ताजा_फेस
२० लिटर पेल एल (एक प्रकारची बिअर) फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात आहे, बाटल्या भरायला आठवडाभर अवकाश. जमवलेल्या रिकाम्या बाटल्या चार जातींच्या आहेत:
१) तपकिरी, ओपनरने उघडायच्या, ३३० आणि ५०० मिली
२) तशाच पण हिरव्या
३) हाताने पिळून उघडायच्या, तोंडाला आटे असलेल्या
४) तारेच्या कडीचं झाकण असलेल्या, यात काही गोल, काही चौकोनी

कॅपर (झाकण दाबून बसवायचं अवजार) हातात धरायचा, दोन दांड्यांचा आहे. यातल्या कोणत्या ठेवू? आणि बाटली किती वेळा वापरली की बाद करायची?

खमीरकाका
आधी तोंड बघा, मग वजन, रंग सर्वांत शेवटी. लोक नेमके उलटे जातात, कारण रंग लांबून दिसतो.

तोंड : साधं क्राउन झाकण (ओपनरने उघडायचं, दातेरी पत्र्याचं) २६ मिमीचं. बऱ्याच बेल्जियन बाटल्या आणि शॅम्पेनच्या बाटल्या २९ मिमीच्या. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना कळतो, एकटीच हातात असेल तर फसगत होते. २९ च्या बाटलीवर २६ चं झाकण बसतच नाही. त्यासाठी झाकणंही वेगळी लागतात आणि कॅपरची घंटाही (झाकणावर दाबली जाणारी वाटी).

वजन : स्वयंपाकघरातला काटा काढा. ३३० मिलीची बाटली रिकामी २०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून हलकी भरली, तर ती एकदा वापरून टाकण्यासाठीच केलेली आहे. परत घेऊन धुण्यासाठी केलेल्या बाटल्या ठळकपणे जड असतात. अर्धा लिटरवाली साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. ७५० मिलीची शॅम्पेनची बाटली तर ८०० ग्रॅमच्या वर असते, ते उगाच नाही. तिच्या आत ५-६ वातावरणांचा दाब असतो.

हलक्या बाटलीत बिअर भरताच येत नाही असं नाही. पण तिला २.५ व्हॉल्यूमच्या वरचा फेस मागू नका आणि चार-सहा फेऱ्यांत निवृत्त करा.

फटाका_मालक
व्हॉल्यूम म्हणजे आवाज ना? फुटताना होतो तो?

मोजपट्टी
@फटाका_मालक, तो नंतर :) १ व्हॉल्यूम म्हणजे १ लिटर बिअरमध्ये १ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला, वजनात जवळपास २ ग्रॅम. ब्रिटिश बिटर १.५ ते २, पेल एल २.२ ते २.६, गव्हाची जर्मन बिअर ३.३ आणि पुढे.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. २.४ व्हॉल्यूमची बाटली २० अंशांना सुमारे २ बार दाब धरते, म्हणजे चारचाकीच्या टायरमध्ये असते जवळपास तेवढी हवा. तीच बाटली ३० अंशांच्या खोलीत गेली की दाब अडीच बारच्या वर जातो. बिअर तीच, साखर तीच, फक्त उष्णतेमुळे वायू द्रवातून बाहेर येऊ पाहतो. म्हणून बाटली निवडताना "फ्रिजमध्ये किती दाब" हे बघू नका, खोलीतल्या सर्वांत गरम दिवशी किती ते बघा.

फटाका_मालक
म्हणजे कपाटात ४० टायर, तेही काचेचे. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

बुचाबाई
ताजा_फेस, तुमच्या क्र. ३ बद्दल. आटेवाल्या बाटल्या सरळ बाजूला काढा. कारण नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी "बसतं की झाकण" म्हणून परत वापराल.

ओपनरने उघडायच्या बाटलीच्या तोंडाला जाड, गोल कडा असते. झाकणाचे २१ दात त्या कडेच्या खाली सगळीकडून सारखे वळतात आणि आतलं अस्तर वरच्या सपाट काठावर दाबलं जातं. आटेवाल्या बाटलीची कडा पातळ आणि आट्यांमुळे वरखाली. दात काही ठिकाणी पकडतात, काही ठिकाणी आट्याच्या उतारावरून घसरतात. कारखान्यातली झाकणंही वेगळ्या मऊ पत्र्याची असतात. घरी आपण कडक पत्र्याचं झाकण लावतो, ते एक तर हळूहळू गळतं किंवा काठाचा टवका उडवतं. त्यात दोन दांड्यांचा कॅपर मानेला गळपट्टीखाली चिमट्यात धरून जोर लावतो, म्हणजे मानच मोडायची भीती.

निम्मा_ग्लास
थोडी असहमती. टेबलावर ठेवायच्या उभ्या कॅपरने आटेवाल्या बाटल्या बंद होतात. तो वरून सरळ दाबतो, मानेला धरत नाही. कितीतरी लोक असं करतात आणि बिअर नीट फसफसते.

बुचाबाई
@निम्मा_ग्लास, होतात हे मान्य. पण दहातल्या कोणत्या दोन गळतील ते आधी कळत नाही, आणि तपकिरी साध्या बाटल्या फुकट जमत असताना तो जुगार कशाला? उभा कॅपर घ्यावा या मताची मात्र मीही आहे. वेगवेगळ्या उंचीच्या बाटल्या असतील तर दर वेळी उंची बदलावी लागते, म्हणून भरण्याआधी उंचीप्रमाणे रांगा लावून घ्यायच्या.

मोजपट्टी
झाकण बसलं की नाही ते बघायला व्हर्नियर कॅलिपर वापरा. बंद केलेल्या २६ मिमी झाकणाचा खालच्या दातांपाशी बाहेरचा व्यास २८.६ ते २८.८ मिमी यायला हवा. २९ च्या वर असेल तर सैल, गळणार. फारच कमी असेल तर कॅपर जास्त आवळतोय, काठावर ताण येतो. प्रत्येक बाटली मोजायची गरज नाही. सुरुवातीच्या तीन, मधल्या दोन, आणि बाटलीची जात बदलली की परत एक.

हिरवी_बाटली
माझ्या नावावर कोणी बोलणार की नाही? हिरवी का नको?

खमीरकाका
नको कोण म्हणालं? अंधारात ठेवली तर हिरवी आणि पारदर्शकसुद्धा चालते. काच तीच, ताकद तीच.

अडचण हॉप्सची (बिअरमध्ये उकळतात त्या फुलांची) आहे. हॉप्स उकळताना कडवटपणा देणारी आयसोह्युम्युलोन्स तयार होतात. निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाश पडला की बिअरमधल्या रायबोफ्लेविनच्या मदतीने त्यांचे तुकडे होतात आणि गंधकाच्या संयुगांशी जुळून ३-मिथाइल-२-ब्यूटीन-१-थायॉल बनतं. स्कंक नावाचा प्राणी जे फवारतो त्याच्या कुळातला वास. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, म्हणून थोडंसं ऊनही पुरतं. पारदर्शक बाटली थेट उन्हात काही मिनिटांत बिघडते. हिरवी किंचित जास्त टिकते, पण फार नाही. तपकिरी काच ५०० नॅनोमीटरच्या खालचा बहुतेक प्रकाश अडवते.

म्हणजे हिरव्या बाटल्या बंद खोक्यात ठेवायच्या आणि ओतायच्या वेळीच बाहेर काढायच्या. हॉप्स कमी असलेल्या बिअरला त्या द्या, तुमच्या पेल एलला तपकिरी.

हिरवी_बाटली
ठीक आहे, आयडी बदलत नाही मग.

गाळसाळ
कडीवाल्या बाटल्यांकडे या जरा, सगळे त्यांना टाळताय.

गोल असतील आणि मुळात बिअर किंवा सोडा भरून आलेल्या असतील, तर याहून सोयीची बाटली नाही. कॅपर नको, झाकणांचा खर्च नाही. चौकोनी मात्र काटेकोर बाद. गोल बाटलीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनीत सपाट बाजू बाहेर फुगायला बघते आणि ताण कोपऱ्यांवर साठतो. त्या तेल-सरबतासाठी केलेल्या असतात. कडी आणि रबर दिसलं म्हणजे दाबाची बाटली, असं नाही.

गोल असलेल्यांचंही रबर तपासा. दुमडून बघा : चिरा दिसल्या, कडक वाटलं किंवा एका बाजूला खळगा पडून तसाच राहिला, तर बदला. वर्ष-दीड वर्षाने सगळीच बदललेली बरी. तपासायची सोपी युक्ती : रिकामी बाटली कडी लावून कोमट पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा. आतली हवा गरम होऊन पसरते, रबराखालून बुडबुडे आले की गळती. तार सैल वाटली तर पक्कडीने तिचा कोन किंचित आत वाकवा, पण बेताने. फार आवळलीत तर कडी लावताना मानेवर जोर येतो.

निम्मा_ग्लास
कडीवाल्यांचा एक फायदा कोणी सांगितला नाही. फेस जास्त झालाय असं कळलं तर बाटल्या रात्रभर थंड करून कडी उघडून वायू सोडता येतो आणि परत बंद करता येतं. क्राउनमध्ये हे करायचं तर नवीन झाकण लागतं.

गाळसाळ
बरोबर, पण रबर आपोआप जादा दाब सोडेल या भरवशावर राहू नका. कधी सोडतं, कधी बाटली आधी जाते.

ताजा_फेस
खूप उपयोगी प्रतिसाद, आभार. साखरेचं कसं? फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत चमचाभर घालतात ना? आणि बाटली फुटते ती नेमकी कशाने, काच कमजोर म्हणून की साखर जास्त म्हणून?

मोजपट्टी
बहुतेक वेळा तिसऱ्याच कारणाने : आंबणं पूर्ण व्हायच्या आधी भरलं म्हणून. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा ०.००१ ने उतरतो तेव्हा साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. १.०१० वर थांबणारी बिअर १.०१४ ला भरली, तर प्रायमिंगच्या (फेसासाठी भरताना घालतात त्या) साखरेखेरीज आणखी २ व्हॉल्यूम. २.४ चे ४.४ झाले. इथे कोणतीच साधी बाटली तुमच्या बाजूने नसते. म्हणून तीन दिवस एकच आकडा आल्याशिवाय भरायचं नाही, एअरलॉकचे (फर्मेंटरच्या वायू सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले तरीही.

साखरेचा हिशोब : साध्या साखरेचे लिटरला ४ ग्रॅम म्हणजे सुमारे १ व्हॉल्यूम. बिअरमध्ये थोडा वायू आधीच असतो : २० अंशांना आंबलेली असेल तर ०.८५ च्या आसपास. २.४ हवे असतील तर २.४ उणे ०.८५ म्हणजे साधारण १.५५, गुणिले ४, म्हणजे लिटरला ६.२ ग्रॅम. प्रत्यक्ष भरायची बिअर १९ लिटर धरली (एक लिटर गाळात जाते) तर ११८ ग्रॅम. डेक्स्ट्रोज (ग्लुकोज पावडर) वापरत असाल तर दहा टक्के वाढवा.

यात तापमान धरायचं ते आंबणं संपल्यावर बिअरने पाहिलेलं सर्वांत जास्त. भरायच्या दिवशी फर्मेंटर ५ अंशांवर असेल म्हणून ५ अंशांचा आकडा घेऊ नका. उडून गेलेला वायू थंड केल्याने परत येत नाही.

बुचाबाई
आणि चमच्याने बाटलीबाटलीत घालू नका. अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३ ग्रॅम लागतात. चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग, एकीत २ तर दुसरीत ५ जातात. ५ म्हणजे लिटरला १० ग्रॅम झाले, सव्वातीन व्हॉल्यूमच्या पुढे. हलकी बाटली नेमकी तीच निघते.

साखर २५० मिली पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, निववा, स्वच्छ बादलीच्या तळाशी ओता. त्यावर बिअर नळीने सायफन करा, नळीचं तोंड बादलीच्या कडेला लावून, म्हणजे भोवरा होऊन आपोआप मिसळते. शिंपडू देऊ नका, हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. सॅनिटाइझ केलेल्या लांब चमच्याने तळापासून दोनदा अलगद फिरवा.

फटाका_मालक
यीस्टला साखर मोजून, बाटलीला दाब मोजून... मधुमेह्याचा डबा बांधताय जणू.

खमीरकाका
फटाका_मालक, विनोद बाजूला, पण अजून एक धोका मोजूनही टळत नाही. यीस्टची डायस्टॅटिकस ही जात (सेझोन या बेल्जियन बिअरच्या काही यीस्टमध्ये असते) साध्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन्स (लांब साखळीच्या शर्करा) तोडून खात राहते. आकडा स्थिर दिसतो आणि बाटलीत महिनाभराने परत उतरायला लागतो. ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्टही तसंच, त्याहून हळू. अशी बिअर भरलेल्या बाटल्या नीट न धुता पेल एलसाठी वापरल्या तर मानेतल्या वाळक्या थरातून ते यीस्ट पुढच्या घाण्यात जातं. तेव्हा बाटलीची निवड म्हणजे धुण्याचीही निवड. ज्या बाटलीच्या आतून ब्रश फिरत नाही किंवा आत बघता येत नाही, ती कितीही सुंदर असो, नको.

गाळसाळ
धुण्याचं मी लिहितो, माझं नावच तसं आहे.

सर्वांत सोपा उपाय : बिअर ओतल्याबरोबर बाटली तीनदा पाण्याने खळखळवून उलटी ठेवा. गाळ ओला असताना पाण्यानेच जातो. वाळला की लढाई.

वाळलेल्या किंवा लेबलवाल्या बाटल्या : गरम पाण्यात, ५०-६० अंश, धुण्याचा सोडा किंवा सोडियम परकार्बोनेट घालून रात्रभर. कागदी लेबलं स्वतःच तरंगून वर येतात. डिंकाचा चिकटपणा राहिला तर खाण्याच्या तेलाचा बोळा, मग साबण. पाणी जड असेल तर सोड्यात दोन-दोन दिवस ठेवू नका, काचेवर पांढरा थर बसतो. बसलाच तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने उतरतो. तो आत राहू देऊ नका. खरखरीत थरावर बुडबुडे धरतात आणि बाटली उघडताच बिअर उसळून बाहेर येते.

गार बाटलीत उकळतं पाणी ओतू नका. साधी बाटलीची काच एका झटक्यात ४० अंशांच्या फरकापर्यंतच भरवशाची. तडा आज दिसत नाही, दाब आला की दिसतो.

निम्मा_ग्लास
ओव्हनमध्ये निर्जंतुक करतात त्याचं काय? तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल, १७० अंश, एक तास. फॉइल काढेपर्यंत आठवडाभर निर्जंतुक राहतात.

खमीरकाका
चालतं, पण गार ओव्हनमध्ये ठेवून मग तापवायचं आणि दार बंद ठेवून रात्रभर निवू द्यायचं. घाईत दार उघडलं की गाळसाळ म्हणाले तोच तडा. वारंवार केलं तर काच थकते असं बऱ्याच जणांचं मत आहे, म्हणून मी आम्लाच्या सॅनिटायझरच्या बाजूने. फॉस्फोरिक आम्लाचं जे मिळतं ते लिटरला साधारण दीड मिली, एक-दोन मिनिटं आतून सगळीकडे लागलं की उलटं करून निथळा. खळबळायचं नाही, फेस राहिला तरी चालतो. कडीवाल्या बाटलीचं रबर काढून वेगळं बुडवा, जंतू त्याच्याखाली लपतात. आणि ब्लीचबरोबर आम्ल कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू निघतो.

बुचाबाई
भांडी धुण्याचं यंत्र असेल तर : फवारा अरुंद मानेतून आत पोचत नाही, म्हणून ते धुण्यासाठी नाही. गरम वाफेसाठी ठीक. आणि चमक आणणारं रसायन बंद करा, त्याने बिअरचा फेस बसतो. बाटलीतला नाही हं, ग्लासातला.

ताजा_फेस
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला : बाटली कधी बाद?

मोजपट्टी
जड बाटल्यांचं फेऱ्या मोजून ठरवू नका. परत घेऊन धुतल्या जाणाऱ्या जड बाटल्या कारखान्यांत २५ ते ५० वेळा फिरतात, घरी त्याहून कमी धक्के बसतात. बघायच्या खुणा :

तोंडाच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर टवका आहे, बाद. बोट फिरवू नका. खांदा आणि बुडाजवळ पांढरे खरवडलेले पट्टे येतात. ते दिसायला वाईट, पण बारीक असतील तर चालतात. एकच खोल ओरखडा असेल तर तो त्याहून वाईट, कारण काच तिथून सुरुवात करते. बूड प्रकाशाकडे धरून चांदणीसारखी चीर शोधा. काचेत अडकलेला मोठा बुडबुडा असेल तर पहिल्याच दिवशी बाहेर. आणि ज्या खोक्यात एक फुटली त्यातल्या शेजारच्या सगळ्या परत तपासा, तुकडे त्यांच्यावर आपटलेले असतात.

हिरवी_बाटली
एक बाळबोध शंका. काठोकाठ भरली तर हवाच राहणार नाही, मग चव नाही का चांगली राहणार?

बुचाबाई
चव कदाचित, बाटली नाही. द्रव तापून पसरतो, त्याला जागा हवी. झाकणापासून अडीच-तीन सेंटिमीटर सोडा. भरायची कांडी तळाला टेकवून काठापर्यंत भरा आणि कांडी बाहेर काढा. कांडीने व्यापलेली जागा तेवढीच असते, मोजायला लागत नाही.

गाळसाळ
आणि एक बाटली प्लास्टिकची भरा, सोड्याच्या पेयाची. तीच बिअर, तीच साखर. दाबून बघायची : मऊ आहे तोवर फेस यायचाय, दगडासारखी झाली की झाला. आठवड्यातच दगड झाली तर काहीतरी चुकलंय, सगळ्या बाटल्या ताबडतोब थंड करा. हातमोजे, चष्मा, आणि बाटली टॉवेलमध्ये गुंडाळूनच उचला.

फटाका_मालक
यावर मी विनोद करणार नाही. चष्मा खरंच घाला.

ताजा_फेस
आज सगळं वजन केलं. तपकिरी ५०० मिलीच्या २६ निघाल्या, सगळ्या ३६० ग्रॅमच्या वर. ३३० च्या १७, त्यातल्या ९ हलक्या (१९० च्या आसपास). गोल कडीवाल्या ४, अर्ध्या लिटरच्या. चौकोनी आणि आटेवाल्या बाद. १९ लिटरला पुरेल?

मोजपट्टी
२६ गुणिले अर्धा १३ लिटर, कडीवाल्यांचे २, झाले १५. जड ३३० च्या ८ म्हणजे २.६४. एकूण १७.६४. उरले १.३६ लिटर. एक लिटर प्लास्टिकच्या चाचणी-बाटलीत, राहिलेल्यातलं मावेल तेवढं एका हलक्या ३३० मध्ये. तिच्यावर मार्करने खूण करा, ती सर्वांत आधी प्या आणि तोवर फ्रिजबाहेर कमीत कमी ठेवा.

बुचाबाई
झाकणं ३५ लागतात म्हणून ३५ च घेऊ नका. पहिली दोन-तीन वाकडी बसतातच. आणि हातातल्या कॅपरने बंद करताना बाटली फरशीवर ठेवू नका, खाली दुमडलेला ओला टॉवेल घ्या. सरकत नाही आणि बुडाला टवका उडत नाही.

ताजा_फेस
टॉवेल घेतला. शनिवारी आकडा तिसऱ्यांदा घेतो, तोच आला तर रविवारी भरतो.

फटाका_मालक
रविवारी नको, शेजारी घरी असतात.